सतरावं वळण

जयपाल मगदूम हा माणूस जन्मात कधी सरळ चालला नाही. दारू पीत होता म्हणून नव्हे. जैनाचं पोर ते, कांदासुद्धा खात नाही, दारू कुठली पितंय! खाली बघत चालायचा. मुंग्यांची रांग दिसली की वळसा घालायचा. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीपासून शाळा दहा मिनिटांवर होती. ह्याच्याबरोबर निघालं की अर्धा तास लागायचा आणि मास्तर दोघांनाही बाकावर उभं करायचे. मुंग्या ह्याच्या आणि शिक्षा मला. तेव्हापासून मी ह्या माणसावर चिडून आहे. आता दोघंही साठीला आलो, तरी राग काही उतरलेला नाही.

मी महालिंग शेटे. पेठेत आमचं किराणा-भुसारीचं दुकान, आणि भिंतीला भिंत लावून जयपालचं सायकलचं. पंक्चर, ओव्हरऑइलिंग, आणि तासावर भाड्यानं सायकल. एक काळ असा होता की रविवारी सकाळी त्याच्याकडं द्यायला एक सायकल शिल्लक नसायची. मग लुना आली, एम-एटी आली, पोरं सायकलीला हसायला लागली. निम्म्या सायकली भिंतीला टेकून गंजत उभ्या राहिल्या. मी त्याला शंभरदा सांगितलं, "जयपाल्या, एसटीडीचा बूथ टाक, सुखात राहशील." तो म्हणायचा, "बघू की." हे 'बघू की' म्हणजे 'नाही', हे कळायला मला तीस वर्षं लागली.

त्र्याण्णव साली कुणीतरी कॉलेजचं पोरगं त्याच्याकडं एक सायकल टाकून गेलं. जाड टायरची, गिअरची. गिअरचं काम कोल्हापुरात तेव्हा कुणाला येत होतं? ह्यानं आठ दिवस ती खोलून मांडली, पुन्हा जोडली, आणि एका सोमवारी सकाळी "जरा फिरवून बघतो" म्हणून जो गेला तो संध्याकाळी साडेपाचला उगवला. दोन्ही गुडघे सोललेले, सदरा कोपरापासून फाटलेला. दारात अक्काताई वहिनी ताट घेऊन उभ्या. सूर्य बुडाला की हा अन्नपाण्याला शिवत नाही. लग्नाआधी मुनी महाराजांपुढं नियम घेतलाय, तो कधी मोडला नाही. वहिनींना गुडघे दिसत होते, पण आधी त्यांनी आभाळाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "आधी खावा, मग कसं पडलासा ते सांगा." त्यानं उभ्याउभ्या दोन भाकरी खाल्ल्या, तांब्याभर पाणी प्यायला, आणि मग माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला.

"महालिंगा, मसाईच्या पठारावरनं खाली कासारीच्या खोऱ्यात एक ढोरवाट हाय. सगळी जंगलातनं. निम्मी मोडलीया, निम्मी जाळीत गेलीया. ती नीट केली न्हवं, तर पठारापास्नं नदीच्या बंधाऱ्यापातूर सायकलवर उतरता येतंय. नऊ किलोमीटर."

"बरं. मग?"

"मग काय? उतरायचं."

"अरे पण कशाला?"

"तू तूर वीक बाबा," म्हणाला आणि उठला.

आता शहाण्या माणसानं ह्या भानगडीत पडू नये. मी पडलो. आमच्याकडं बाजार सोमवारी बंद असतो. घरी बसलं की बायको माळ्यावरचे डबे काढायला लावते, त्यापेक्षा डोंगर बरा, एवढाच हिशेब. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायला मी असा निघालो आणि चार वर्षं भाजत राहिलो.

चार वर्षं का लागली ते ऐका, म्हणजे तुम्हालाही माझा राग कळेल. दुसऱ्या कुणी ती वाट चार महिन्यांत केली असती. ह्याचे नियम! आषाढ ते कार्तिक काम बंद, कारण पावसाळ्यात जमिनीवर पाय ठेवीन तिथं जीव. हिरवी फांदी तोडायची नाही, वाळकीच काढायची. करवंदाची जाळी आडवी आली तर कोयता लावायचा नाही, सुतळीनं बांधून बाजूला ओढून धरायची. कुदळ मारायची नाही, खुरप्यानं वरची माती सारखी करायची, तीही आधी मऊ केरसुणीनं झाडून. आणि चार वाजले की खाली निघायचं, कारण सूर्य! मी ठेचा-भाकरी खात दगडावर बसून ओरडायचो, "मर्दा, ह्या चालीनं आपली तेराव्याची पंगत हितंच बसंल." तो हसायचा आणि झाडत राहायचा.

पण कळस म्हणजे वळणं. वाट नीट सरळ उतरत असायची, आणि मध्येच हा ती डावीकडं वळवायचा. का? तर पुढं मुंग्यांचं वारूळ. पुढं उजवीकडं. का? तर तिथं वाळवीचं. जंगल खात्याचा ज्ञानू गार्ड एकदा बघायला आला. ह्यानं झाड तोडलं असंल तर केस करायची, ह्या तयारीनं आलेला. वरपासून खालपर्यंत फिरला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "शेटे, ह्यो माणूस डोक्यानं बरा हाय न्हवं?" मी म्हटलं, "न्हाय." ज्ञानूनं केस केली नाही, उलट लेखी परवानगीचं आपणहून बघितलं.

तर अशी तेवीस वळणं झाली. तेवीस! त्यातलं सतरावं सगळ्यांत अवघड. एका बाजूला ओढ्याचा कडा, दुसऱ्या बाजूला छातीएवढं वारूळ, आणि मधून जेमतेम दोन हात वाट. तिथं सायकल एवढी वळवावी लागायची की पुढचं चाक मागच्याला विचारतंय, 'येतोस का?' जयपाल बावीस वळणं सुटायचा आणि सतराव्याला त्याचा पाय जमिनीला टेकायचाच. मी म्हटलं, "वारूळ हातभर काढ की." त्याचं तोंड असं झालं की मी पुन्हा बोललो नाही. उलट त्या दिवशी त्यानं एक पण केला, "सगळी वाट पाय न टेकवता उतरीन. तवाच दुसऱ्याला म्हणीन, या म्हणून. आपल्याला जमलं न्हाय ते लोकांच्या गळ्यात कसं मारायचं?"

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात वाट पुरी झाली. प्रत्येक वळणावर त्यानं एक दगड ठेवला, त्याला चुना फासला, वर काळ्या रंगानं आकडा घातला. पावसाळा संपल्यावर जाऊन बघतो तर नऊ दगड गायब. वरच्या धनगरवाड्यातल्यांनी शेळ्यांच्या वाड्याला लावलेले. त्यांचं तरी काय चुकलं? दगड तो दगड. पण जयपाल दिवसभर त्या रिकाम्या जागा बघत फिरला. मला बघवेना. आणि इथं माझी बुद्धी शेण खायला गेली.

मी म्हटलं, "खुळ्या, चुना कशाला लावतोस? शेंदूर लाव. बघू कुणाची छाती हाय हात लावायची."

तो म्हणाला, "ही फसवणूक न्हवं व्हय?"

"कसली फसवणूक? शेंदूर म्हंजे रंगच की. लाल रंग. तू काय नारळ फोडणार हाईस काय?"

माझ्याच दुकानातला शेंदूर, माझ्याच दुकानातलं तेल. डिसेंबरात आम्ही तेवीस दगडांना फासून आलो. सतराव्याचा दगड सगळ्यांत मोठा, तो मीच निवडलेला. आकडा तेवढा पांढऱ्या रंगात घातला. खाली उतरताना मी माझ्या हुशारीवर एवढा खूश होतो की शीळ घालत होतो.

फेब्रुवारीत एका टेम्पोनं जयपालला भर चौकात उडवलं. उजव्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. आत सळई घातली. डॉक्टर म्हणाले, काठी घेऊन चालाल, ते नशीब समजा, सायकल विसरा. हे ऐकून हा काय म्हणाला असंल? "बघू की."

तीन महिने खाटेवर. मग दुकानात एक सायकल स्टँडला पक्की बांधली आणि तिच्यावर चढून बसला. चाक जाग्यावर फिरायचं आणि हा घामानं निथळायचा. गिऱ्हाईक पंक्चर घेऊन आलं तरी पायडल मारत मारतच बोलायचा. पहिल्यांदा डाव्या पायानं उजव्याला ओढायचा. रडायचा पण. मी बघितलंय, दुखून डोळ्यांतून पाणी यायचं, आणि पाय थांबायचा नाही. अक्काताई वहिनी एकदा माझ्यावरच ओरडल्या, "भावजी, तुम्ही तरी सांगा की त्यास्नी!" मी काय सांगू? मी ह्या माणसाला मुंग्यांवरून वळवू शकलो नाही.

वर्षभरानं रस्त्यावर सायकल चालवायला लागला. मग सुरू झाला तमाशा. माझी सरकीची पोती त्यानं गल्लीत नेऊन मांडली. खडूनं रेघा मारल्या. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला वारूळ, मधे दोन हात जागा. सतरावं वळण, मापात, मंगळवार पेठेत! रोज सकाळी सात ते आठ तिथंच फेऱ्या. गल्लीतली पोरंसोरं, दूधवाले, तालमीत जाणारे पैलवान, सगळे थांबून बघायचे. पाय टेकला की सगळी गल्ली ओरडायची, "टेकलाऽ!" मला गिऱ्हाईकं विचारायची, "पोती रस्त्यावर कशाला?" मी म्हणायचो, "ते पोतं न्हवं, वारूळ हाय." लाज गेली माझी.

नव्व्याण्णवच्या दिवाळीआधी एका सकाळी तो वळला. पाय न टेकवता. लगेच पुन्हा वळला. दहापैकी दहा वेळा. गल्लीनं शिट्ट्या मारल्या. तालमीचे वस्ताद हंबीरराव तिथं उभे होते. आवाज असा की हळू बोलले तरी दोन गल्ल्यांना कळावं. ते म्हणाले, "मगदूम, तुमच्या त्या वाटेवर शर्यत घेऊया. जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या रविवारी. तालीम सगळं बघंल. पण वाट मोकळी पायजे. नसंल तर आपली नेहमीची रस्त्यावरची शर्यत हायच."

जयपालला काय झालं असेल ते मला माहीत आहे. दोन पावसाळे ती वाट बिनवापराची होती. आणखी एक गेला की जंगल ती गिळणार. शर्यत झाली, पोरं यायला लागली, तरच वाट राहणार. सहा वर्षांचं ते काम, आणि आयुष्यात त्यानं स्वतःचं म्हणावं असं दुसरं काही केलेलं नव्हतं.

दिवाळी झाल्यावरच्या सोमवारी आम्ही वर गेलो. पहिली सोळा वळणं ठीक होती, गवत वाढलेलं, पण ठीक. शेंदराचे दगड जाग्यावर. मी म्हटलं, "बघ, एक तरी हललाय का?" आणि सतराव्यावर आलो.

वळणाच्या तोंडाशी, वाट जरा रुंद होते तिथं, मधोमध सिमेंटचा चौथरा होता. वर आमचा दगड. त्याला चांदीचे डोळे, गळ्यात झेंडूची माळ, डोक्यावर पत्र्याचं छप्पर, आणि घंटा. शेंदूर दोन वर्षांच्या थरांनी बोटभर जाड झालेला. त्यातूनही पांढरा आकडा कुणीतरी भक्तिभावानं पुन्हा पुन्हा गिरवून ठेवलेला. सगळ्या वळणाला दोन्हीकडून दोरी बांधलेली आणि पाटी, 'श्री सतरोबा प्रसन्न. चपला काढाव्यात. वाहन नेऊ नये.'

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! मारुती तरी बरा, ह्याचं तर नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. बाकी बावीस दगडांना एक फूल मिळालं नव्हतं. दगडालाही नशीब असतं, दुसरं काय.

धनगरवाड्यातला कृष्णात नावाचा तरणा गडी तिथं झाडत होता. आम्ही विचारायच्या आतच त्यानं सांगितलं. त्याची म्हैस हरवली होती. तीन दिवसांनी इथं, ह्याच दगडाशी, बसलेली सापडली. त्यानंच चौथरा बांधला, डोक्यावरनं सिमेंट आणून. "पावणं, लई जागृत देव हाय. माझ्या आज्जीनं, झुंबरबाईनं, पयल्यांदा पाणी घातलं. आकडा बघा की! असा आकडा घिऊन आलेला देव बघितलाय कुठं?"

मी जयपालकडं बघितलं नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

पेठेत पोहोचल्यावर मी उपाय काढला. "हे बघ, सोपं हाय. मी जातो वर. सांगतो, सतरोबा माझ्या सपनात आला आणि म्हणाला, मला दहा पावलं वर न्या, हितं दम कोंडतोय. दोन नारळ फोडू. काम फत्ते."

"न्हाय."

"अरे, पयलं खोटं पचलं की!"

"पचलं न्हाय, महालिंगा. त्याचाच चौथरा झालाय."

हंबीररावांना कळलं तर ते म्हणाले, "चार पोरं पाठवतो, रातोरात दगड हलवतो." जयपाल उठून उभा राहिला. कधी आवाज न चढवणारा माणूस, पण म्हणाला, "वस्ताद, दगडाला हात लावला तर शर्यत बी नगो आणि वाट बी नगो." मग माझ्याकडं वळला. "रविवारी वाड्यातली सगळी आरतीला जमत्यात. मी जाऊन खरं काय ते सांगणार."

"चामडं सोलतील तुझं!"

"सोलू देत."

मी त्या आठवड्यात नीट जेवलो नाही. जाऊ नये असंच ठरवलं होतं. रविवारी सकाळी मात्र तो सायकलवर बसला आणि माझे पाय आपोआप माझ्या एम-एटीकडं वळले.

आरती झाली. तीस-चाळीस माणसं असतील. जयपालनं चपला काढल्या, पुढं झाला आणि हात जोडून म्हणाला, "मंडळी, मी जयपाल मगदूम, कोल्हापूरचा. माझं सायकलचं दुकान हाय. ह्यो दगड मी ठेवलाय. वाटंची खूण म्हणून. शेंदूर मी लावलाय, कुणी हलवू नये म्हणून. ती माझी चूक झाली. तुमच्या देवाला मी काय बी म्हणत न्हाय. पण तुम्हाला म्हाईत नसताना मी गप्प बसलो, तर ते पाप मला लागंल. आता तुम्ही म्हणाल ते."

मग कृष्णात पुढं आला आणि त्यानं जयपालची कॉलर धरली. "म्हंजे आमी दोन वर्सं तुझ्या खुणंला नारळ फोडलं व्हय रं? आमी खुळी हाय व्हय?" जयपालचा दुखरा पाय सरकला, पण हात जोडलेले तसेच.

मी मागं उभा होतो. खरं सांगतो, पळायचा विचार मनात आला होता. त्यानं माझं नाव घेतलं नव्हतं आणि घेणारही नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि त्याचीच मला भयंकर लाज वाटली. माझं तोंड कधी उघडलं मलाच कळलं नाही. मी ओरडलो, "सोड त्याला! शेंदराची अक्कल माझी! शेंदूर माझ्या दुकानातला, दगड मी निवडलाय! त्यो नगोच म्हणत होता. मारायचं तर मला मार!"

कृष्णातनं दुसऱ्या हातानं माझी कॉलर धरली. दोन कॉलरी दोन हातांत. आणि चौथऱ्यामागून आवाज आला, "किसन्या, सोड दोघांस्नी."

झुंबरबाई. ऐंशीच्या पुढची, वाळून खारीक झालेली, पण आवाज खणखणीत. काठी टेकत पुढं आली आणि दगडाशेजारी बसली.

"मला म्हाईत हाय की," म्हणाली. "मी बघितलंय त्येला दगड ठिवताना."

कृष्णातचे हात सुटले. "आज्जे, मग सांगितलं का न्हाईस?"

"काय सांगू? ह्या माणसाला मी चार वर्सं बघतीया. वर शेळ्या घिऊन बसायची, खाली ह्यो झाडायचा. मला पैल्या दिवशी वाटलं, चोर हाय. मग बघितलं, मुंग्या आल्या की वाट वाकडी करतुया. वारूळ आलं की वाट वाकडी करतुया. हाताला काटं लागून रगात येतंय, आणि जाळीला कोयता लावीत न्हाय. असला माणूस मी माझ्या जल्मात बघितला नव्हता. त्यानं हितं दगड ठिवला, शेंदूर लावला. मी म्हटलं, असल्या माणसानं ठिवलेल्या दगडात देव नसंल तर मग कुटं असंल? आणि नसला तर म्हटलं, यील की! पाणी घालू, वाट बघू."

जयपाल खाली बघत होता आणि त्याच्या नाकावरून पाणी टपटपत होतं. माझं काय झालं ते मी सांगत नाही.

मग झुंबरबाईनं निवाडा दिला. "देव हितनं हलायचा न्हाय. वाट बी हितनंच जाईल, ती त्येचीच हाय. पण देवाच्या अंगणात चाकावर बसून जायचं न्हाय. उतरायचं, सायकल हातात धरायची, देवाला उजवं घालून जायचं, आणि मग फुडं बसायचं. कुणी का असंना." तिनं जयपालकडं काठी केली. "तू बी."

मला एकदम पोती आठवली. खडूच्या रेघा आठवल्या. स्टँडवरची सायकल, आणि सळईचा पाय ओढत घातलेली दोन वर्षं. ह्या एका वळणासाठी! ते आता जमत होतं, आणि आता तिथं कायमचा पाय टेकायचा. त्याचा पण गेला. ह्या जन्मात तरी गेला.

जयपालनं डोळे पुसले. "बरं आज्जी," म्हणाला.

परत येताना मीच भडकलो. "बरं आज्जी? नुसतं बरं आज्जी? निदान शर्यतीपुरतं तरी विचारायचं होतं!"

"वाट ऱ्हायली न्हवं, महालिंगा?" एवढंच बोलला, आणि सायकलवर बसला.

शर्यतीला एकतीस पोरं आली. कोल्हापूरची, सांगलीची, दोन थेट पुण्याची. मला सतराव्या वळणावर उभं केलेलं, कोण उतरत नाही ते बघायला. सगळी उतरली. एकानं तर वेळ जात असताना घंटाही वाजवली. दुपारी बंधाऱ्यावर बक्षिसं झाली, हंबीररावांचं भाषण झालं, माणसं पांगली. जयपाल दिवसभर खाली-वर बघत होता, कुणी पडलं, कुणी राहिलं. सगळं आवरल्यावर, ऊन कलल्यावर, तो एकटा पठारावर गेला आणि वरून निघाला. सगळ्यांत शेवटी.

मी सतराव्यावरच बसून होतो. शेजारी झुंबरबाई. ती सकाळपासून हलली नव्हती. वरून चाकांचा आवाज आला. सोळावं वळण त्यानं असं घेतलं की मी उभाच राहिलो. सोळाही वळणं पाय न टेकवता! चौथऱ्याजवळ आला, ब्रेक लावला आणि उतरला. आधी डावा पाय टेकवला, मग दुखरा. त्याचं तोंड मला बघायचं नव्हतं, म्हणून मी दगडाकडं बघितलं.

झुंबरबाईनं तांब्या पुढं केला. "सूर्य टेकलाय, बुडाला न्हाय अजून. पी."

त्याचा नियम तिला कोणी सांगितला होता? कुणीच नाही. चार वर्षं चार वाजता खाली पळणारा माणूस तिनं वरून बघितला होता. जयपाल पाणी प्यायला. मग सवयीनं खाली बघितलं, पाय ठेवायच्या आधी मुंग्या बघायला. आणि तसाच उभा राहिला.

वाटेवर एक मुंगी नव्हती. दिवसभर एकतीस सायकली गेलेल्या त्या दोन हात वाटेवर एक मेलेली मुंगी नव्हती. वारुळाच्या पलीकडं मात्र साखरेची रेघ होती, जाड, लांब, आणि तिच्यावर मुंग्यांची झुंबड. झुंबरबाईच्या मांडीवर साखरेचा पुडा, जवळजवळ रिकामा.

"देवाला आलेली साखर हाय," ती म्हणाली. "सकाळधरनं टाकत बसलीया. म्हटलं, पोरं यायची, चाकाखाली गावतील बिचारी. तुला बरं वाटायचं न्हाय."

जयपाल तिच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा रडला. मी त्याला उठवलं नाही. मग तो आपणच उठला, देवाला उजवं घालून सायकल पुढं नेली, बसला, आणि राहिलेली सहा वळणं पाय न टेकवता बंधाऱ्यावर उतरला. मी खाली पोहोचलो तेव्हा म्हणालो, "एकदा टेकला की रं शेवटी." तो म्हणाला, "वाटंवर न्हाय टेकला. आज्जीच्या अंगणात टेकला."

शर्यत अजून होते, दरवर्षी. जयपाल अजून शेवटचा उतरतो. झुंबरबाई दोन हजार पाचच्या महापुराच्या वर्षी गेली. तेव्हापासून शर्यतीच्या दिवशी सतराव्या वळणावर मी बसतो. साखर माझ्या दुकानातली. गुडघे दुखतात, पाठ धरते, दिवसभर मी त्या माणसाला शिव्या घालतो, आणि वारुळापलीकडं चिमूट चिमूट साखर टाकत राहतो.